घारीची पाठ

व्हाइटफील्ड, बेंगळुरू
१९ सप्टेंबर

ती. वन्सं,

नमस्कार. इथे सगळे बरे आहेत, म्हणजे सगळ्यांचे मोबाइल चार्ज झालेले आहेत. तुमचा गुडघा काय म्हणतो?

घराच्या किल्लीचं विचारलंत, त्याकडे येते. आधी निसर्ग.

तुमच्या त्या कृतज्ञता-वर्गाचे निरोप रोज पहाटे पोचतात. ‘आज घराभोवतीच्या निसर्गातल्या एका गोष्टीचे आभार माना.’ वन्सं, चौदाव्या मजल्याच्या घराभोवती निसर्ग नसतो. हवा असते, आणि तिलाही जाळी लावलेली असते. कबुतरं आत येऊ नयेत म्हणून सोसायटीने सगळ्या बाल्कन्या जाळ्यांनी बंद केल्या. आता कबुतरं बाहेरच्या कट्ट्यावर सहकुटुंब बसतात आणि आत आम्हाला बघतात. खाली बाग आहे. तिच्यात गवतापेक्षा पाट्या जास्त उगवल्या आहेत: चालू नये, बसू नये, फुलं तोडू नयेत. श्वास घ्यावा की नाही ते अजून ठरायचंय. सभेची तारीख लागली आहे.

तरी बघते. न बघून करू काय? शार्दूल आणि शाल्मली ऑफिसच्या कॅबमध्ये बसले की मी आणि स्वानंदी. तिला भरवायचं, पुसायचं, निजवायचं. हे गेले तेव्हा शार्दूल म्हणाला होता, “आई, थोडे दिवस चल, जरा बदल होईल.” त्या थोड्या दिवसांत नात जन्मली, रांगली, आता मला कन्नडमध्ये ‘बा, बा’ करून बोलावते. दोन वर्षं होतील. नागपूरचे संपादक सुरुवातीला विचारायचे, सदर पुन्हा कधी सुरू करताय? आता तेही विचारत नाहीत. माणसाला खोचक लिहायला थोडं रागावता यावं लागतं, आणि इथे माझ्याशी सगळे इतके चांगले वागतात की रागावायलाही जागा नाही.

पण एक गोष्ट सापडली आहे. हसू नका.

घार. दुपारी स्वानंदी झोपली की समोरच्या दोन इमारतींमधून घारी वर येतात. पंख न हलवता, गरम हवेवर, जशी काही त्यांची लिफ्ट वेगळी आहे. आपण धरमपेठेतून जन्मभर घारीचं पोट पाहिलं. इथे तिची पाठ दिसते. माझ्या खालून जाते ती! पाठीवर तपकिरी रंगाच्या इतक्या छटा असतात, वन्सं, की जुनी पैठणी उन्हात धरल्यासारखं वाटतं. वळताना फक्त शेपूट तिरकी करते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हातातली उकडलेल्या गाजराची वाटी तशीच राहिली आणि गाजर मुंग्यांनी संपवलं. या घरात प्रत्येकाला मी लागते. तिला लागत नाही. त्याचेच आभार मानले असावेत मी.

काल यांची तिथी झाली. राजाजीनगरचे सुब्बारावगुरुजी आले होते. पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, घरात मराठी बोलतात, पण निम्मी कन्नडकडे झुकलेली. विधी आटोपून ते निघाले आणि कावळ्याचं पान ठेवायची वेळ आली. जाळीचा एक कोपरा सोडवला, एसीच्या बाहेरच्या पेटीवर पान ठेवलं. वडा, खीर, यांना आवडायची ती भोपळ्याची भाजी. समोरच्या कठड्यावर एक कावळा होताच. मान वाकडी करून बघत राहिला. येईना.

शार्दूलची एकीकडे मीटिंग चालू. मोबाइल बाजूला ठेवून हात जोडले आणि म्हणाला, “बाबा, आईची काळजी करू नका. ती कायमची आमच्याकडेच राहील. तिकडचं घर काढून टाकतो, तिला ओझं नको.”

कावळ्याने चोच घासली.

“स्वानंदीला मराठी शाळेत घालू म्हणावं का?” शाल्मली कुजबुजली.

“इथे कुठे आहे मराठी शाळा? बाबांशी खोटं नको बोलूस.”

एवढ्यात उजेड गेला. खरंच सांगते, बाल्कनीतला उजेड एका क्षणापुरता गेला. घार आली होती. एवढ्या जवळून की तिच्या पंखांचा वारा माझ्या तोंडावर लागला. पिवळट पाय, वाकडी चोच, आणि तो डोळा. वडा उचलला आणि खाली, उन्हात. शार्दूलच्या मोबाइलमधून कुणीतरी “हॅलो? हॅलो?” करत होतं. स्वानंदी माझ्या कडेवर थरथरत होती, हसत होती.

गुरुजींना फोन लावला. “घार?” ते म्हणाले. “स्वल्प थांबा, अक्का. घारीचं आमच्यात कुणी विचारलेलं नाही. सरी, ठीक आहे, दुसरं पान ठेवा.”

दुसरं पान मी ठेवलं. शार्दूल परत तेच वचन द्यायला लागला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, मोठ्याने, “अहो, मला घरी जायचंय. घर विकायचं नाही.”

कावळा उडून गेला. पान संध्याकाळपर्यंत तसंच. आपल्याकडे असं झालं की बायका कानोसा घेतात, आत्म्याचं काय अडलं म्हणून. मी ताटं घासायला घेतली. यांचं काही अडलं असेल तर असो, आयुष्यभर मीच सोडवत आले. माझं अडलं होतं ते बोलून झालं होतं.

शार्दूल ओट्याशी येऊन उभा राहिला. चांगला मुलगा आहे हो, ओरडत नाही. एवढंच म्हणाला, “मग स्वानंदीला कोण बघणार?”

“ओझं नको म्हणून घर काढत होतास ना?” मी विचारलं.

रात्री पोळ्या शाल्मलीने केल्या, माझ्याहून बऱ्या झाल्या. आज सकाळपासून घरात सगळे एकमेकांना ‘थँक्यू’ म्हणताहेत. आणि स्वानंदी दुपारभर माझा पदर मुठीत धरून झोपली. तो सोडवता सोडवता दोनदा मनात आलं, राहू दे, काय अडलंय आपलं. तिसऱ्यांदा येण्याआधी हे लिहायला बसले.

तेव्हा, दसऱ्याला ते गिऱ्हाईक घर बघायला येणार आहे, त्याला किल्ली देऊ नका. विचारलंच तर म्हणावं, मालकीणबाई राहायला येताहेत. माझी सही लागते, ती मी देणार नाही.

आणि एक काम. तिकीट तुम्हीच काढा, तुमच्या समोरच्या पाटलांच्या मुलाकडून. इथून काढलं तर पासवर्ड शार्दूलच्या मोबाइलवर येतो, त्याला विचारावं लागतं, तो “काढतो की, आई” म्हणतो, आणि दिवाळी जाते. जायचं काढा. परतीचं विचारतील, तर नाही म्हणा. फोनवर मी कदाचित ‘थांबा’ म्हणेन. माझं ऐकू नका.

तुमची भित्री वहिनी,
स्मृती