जहाजावर पोचलेला निरोप

॥ श्री नृसिंह प्रसन्न ॥
नरसिंहपूर, ता. ४ नोव्हेंबर १९९६

तीर्थरूप दादास,
प्रयागचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

वहिनीनं धाडलेली लोणच्याची बरणी पोचली. मीठ जरा हात राखून टाका म्हणावं. दुसरं खुशालीचं कायबी न्हाय. मालकांना बारामतीला दवाखान्यात ठिवलंय. मूत्रपिंडं निकामी झाल्याती. डॉक्टर म्हणालं, पोराला बोलवून घ्या. आपला ऋषिराज तर नौदलाच्या जहाजावर, वायरलेसच्या कामावर. तुमी त्याच कामात पंधरा वर्षं काढली, तुमचं तितं ऐकत्याल. तेवढं पोराला आणा. दार वाजलं की मालक मान वळवून बघत्यात.

तुमच्या मायेची धाकटी,
प्रयाग

भवानीनगर, ता. ६ नोव्हेंबर १९९६

चि. सौ. प्रयागला दादाचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं तशी नौदलाच्या कचेरीत तार केली, कारखान्यातून फोनही लावला. साहेब सभ्य होता. निरोप जहाजाला देतो म्हणाला. निरोप पोचेल, त्याची मला खात्री आहे. पण त्यांचा सराव चाललाय. अशा वेळी जहाज फक्त ऐकतं, उत्तर देत नाही. बंदर लागेपर्यंत पोराला उतरताही यायचं नाही. निवृत्त माणसाच्या शब्दाला तिथं काय किंमत?

तुला कधी बोललो नाही ते लिहितो. एकाहत्तरची लढाई चालू असताना इकडं घरी आबा गेले, तेव्हा आमच्या जहाजालाही बोलायची बंदी होती. कानाला यंत्र लावून मी किनाऱ्यावरचे निरोप उतरवत होतो. एका निरोपात माझंच नाव आलं, मग आबांचं. हात थांबवता येईना. मागोमाग दुसरा निरोप सुरू झाला, तोही उतरवला. तुम्ही इकडं वाट बघत होता, आणि मला 'कळलं' एवढंसुद्धा कळवता येत नव्हतं. बापाचं तेरावं उलटल्यावर आलो. वर्षभर तू माझ्याशी बोलली नाहीस. मी तरी काय सांगणार होतो?

उद्या बारामतीला येतो. भीमरावांजवळ बसेन.

तुझा,
दादासो

नरसिंहपूर, ता. २३ नोव्हेंबर १९९६

तीर्थरूप दादास,
प्रयागचा नमस्कार.

तेरावं उरकून तुमी गेलात आन् दुसऱ्या दिवशी ऋषी आला. तार त्याला कवाच मिळाली हुती. बंदर लागंस्तवर खिशात घालून फिरला म्हणं.

त्याला मी दवाखान्यातलं सांगितलं. मालकांना दिसंना झालं हुतं. तुमचा हात धरून 'ऋषी, आलास?' म्हणालं, तवा तुमी 'व्हय' म्हणालात. ऐकून पोरगं लई रडलं. तुमी केलं ते बरंच केलं, दादा.

काल धाकटं दीर गेणूभावजी चारचौघांत त्याला म्हणालं, "बाप मरताना कुठं हुतास?" पोरगं खाली मान घालून हुबं. मी म्होरं झाले. म्हणाले, "त्याला इचारू नगा. मला इचारा."

समदी माझ्याकडं बघाया लागली. मी तशीच पोराच्या म्होरं हुबी ऱ्हायले.

परवा त्याला परत जायचंय. थांब म्हणावं वाटतंय, पर म्हणवत न्हाय.

तुमच्या वक्ताला असं कुणी म्होरं झालं न्हवतं. मी बी न्हाय.

माया हाय तशी असू द्या.

तुमची,
प्रयाग