आठ जणांचं रक्त

बाई, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आकडे तपासायला बसले की मी तुमच्या नाशिक रोडच्या स्वयंपाकघरातच असते. दुधाच्या पिशवीत दूध कमी भरतं, अशी तुम्हाला शंका आहे, म्हणून आपण सहा पिशव्या मोजपात्रात ओतून बघतोय. सरासरी जराशी कमी आली. पण पिशव्या मोजक्या, त्यांच्यात फरक फार, त्यामुळे फरक खरा मानायला कोष्टकात जो आकडा लागतो, तो काही गाठता आला नाही. मी ऐटीत लिहून टाकलं की दूध बरोबर आहे. तुम्ही चहाचं आधण उतरवून माझ्याकडे वळलात. "कमी आहे हे दाखवता आलं नाही, एवढंच लिही. बरोबर आहे, हे तुला कुणी सांगितलं?" दोन कप दुधासाठी एवढं रागवायचं काय, असं तेव्हा वाटलं होतं मला.

परवा दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागेत मला तुमचा तो राग हवा होता. फवारणी करणाऱ्या मजुरांचं रक्त तपासलं होतं. फवाऱ्याचं विष अंगात गेलं की रक्तातलं एक द्रव्य उतरतं. या मजुरांची सरासरी निरोगी माणसांपेक्षा खाली आहे का, एवढंच मला बघायचं होतं. तसं निघालं तर ते औषध बंद करीन, असा शब्द बागायतदाराने दिला होता. रक्त घेतलं बाजारच्या दिवशी, कारण त्या दिवशी फवारणीला सुट्टी असते. पण ज्यांना खरंच चक्कर येते, ते सुट्टीला खोपटात पडून राहतात, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आठ जण आले, तेही त्यातल्या त्यात धडधाकट. त्यांची सरासरीसुद्धा खाली आली, पण कोष्टकाला पुरेल इतकी नाही.

अहवालात मी तुमचंच वाक्य लिहिलं, कमी आहे हे दाखवता आलं नाही. आणखी माणसं तपासायला हवीत, असंही लिहिलं. बागायतदाराने वाचलं आणि सुटकेचा निःश्वास सोडला. "म्हणजे औषधात दोष नाही. मॅडमनीच लिहून दिलंय." मी समजावत राहिले, तो मान डोलवत राहिला, आणि बाहेर ट्रॅक्टरच्या टाकीत औषध कालवणं सुरूही झालं. त्या आठांतल्या एकाची बायको फाटकाशी उभी होती. नवरा संध्याकाळी ओकतो, म्हणाली.

"रगत चांगलं हाय का वाईट, तेवढं सांगा ताई. पाठवू का नको?"

नका पाठवू, म्हटलं मी. तोवर तिच्या नवऱ्याने तोंडाला फडकं बांधलं होतं. "कागदात काय निघालं नाय," तो तिला म्हणाला आणि नळी उचलून ओळीत शिरला.

हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही, म्हणून सांगते. कोष्टकावरून बोट फिरवताना माझ्या मनात एकच होतं, सरासरी अजून थोडी उतरायला हवी होती. म्हणजे ती माणसं अजून आजारी असायला हवी होती. त्यांची नावं समोर होती, बाई, आणि तरी मला तेच हवं होतं.