पिवळ्या साडीवरचा डाग

नेपरव्हिल, २२ सप्टेंबर १९८५

ती. नीलाताईस,
सा. न. वि. वि.

चहा सांडला पद्मजाकाकूंनी आणि गावंढळ मी कशी ठरले? घरातली पहिली बी. ए. असूनही याचं उत्तर मला देता येत नाही.

काकांच्या हॉस्पिटलातल्या डॉ. ओकाडांच्या पत्नीनं काकूंना आणि मला जपानी चहासमारंभाला बोलावलं होतं. चटया अंथरलेली लहानशी खोली. बाई गुडघ्यांवर बसून वाडगा पुसतात, हिरवी पूड घोटतात, तासभर कुणी मोठ्यानं बोलत नाही. आणि ताई, चहा करणारीला पाहुणे वाकून नमस्कार करतात! मला भरून आलं. आपल्याकडे चहा करणारीकडे कोण बघतं?

पण वाडगा सगळ्यांत एकच. पिऊन झालं की कड पुसायची आणि शेजारणीला द्यायचा. दोन अमेरिकन बायकांनंतर काकूंची पाळी आली. उष्टं कसं प्यायचं म्हणून त्यांनी वाडगा आपल्या तांब्यासारखा वर धरून तोंडात ओतला. चहा पातळ पिठल्याइतका दाट. आधी येईचना, मग एकदम आला तो पिवळ्या रेशमी साडीवर.

काल मंडळाच्या गणपतीत काकूंनी हीच गोष्ट रंगवून सांगितली, फक्त वाडगा माझ्या हातात दिला. आमच्या प्रतिमाला उष्टं चालत नाही ना, काय एम्बॅरस झाले मी यार, म्हणाल्या. सगळे हसले. गाडीत तो डाग पाहिलेले काकासुद्धा. मी गप्प बसले, कारण एम. ए.च्या ॲडमिशनसाठी स्पॉन्सरशिपच्या फॉर्मवर काकांची सही व्हायची आहे.

रागावू नकोस, माया असू दे.

तुझी,
प्रतिमा


कराड, ५ ऑक्टोबर १९८५

चि. प्रतिमास,
अ. उ. आ.

ग्रॅज्युएट बाई, तुमची कीर्ती तुमच्या पत्राआधी पोचली. काकूंनी बाबांना लिहिलंय, की मुलीला चारचौघांत वावरायचं वळण नाही, तिथल्या कॉलेजात तिचा निभाव लागणार नाही, जानेवारीच्या तिकिटावर परत पाठवतो. बाबा दोन दिवस शिलाई मशीनवर बसले नाहीत. तू पास झालीस तेव्हा त्यांनी गल्लीभर पेढे वाटले होते. खरं काय ते मी वाचून दाखवलं, पण मावसभावाच्या बायकोला उलट कसं लिहायचं, म्हणतात.

सत्य आपोआप वर येतं, असं तू लिहिशील. दुधावरची सायसुद्धा कुणीतरी काढावी लागते गं. भांडू नकोस. रडू तर मुळीच नकोस. ज्या वाडग्यानं तुझी अब्रू घेतली, त्याच वाडग्यातून पाज त्यांना.

आशीर्वाद आहेतच, चिमटाही समज.

नीलाताई


नेपरव्हिल, १८ नोव्हेंबर १९८५

ती. नीलाताईस,
सा. न. वि. वि.

पाजला.

शनिवारी काकूंकडे दिवाळीचा फराळ होता, पंचवीस माणसं. ओकाडाबाईंना बोलावून फॅमिली रूममध्ये जपानी चहा ठेवू या, असं मीच सुचवलं. काकू केवढ्या खूश! मंडळात असा चहा अजून कुणाकडेच झाला नव्हता. चटईवर पाच जणी बसल्या. जागा मी ठरवल्या. काकू पाचव्या.

पहिल्या चौघी अगदी नीट प्यायल्या. माझ्यासारखं करायचं नाही, हे काकूंनीच तर शिकवलं होतं त्यांना. मग चौघींचा उष्टा वाडगा काकूंच्या हातात आला. मला हसलेले सगळे भोवती उभे. वर धरायची सोय नव्हती, आणि शेवटच्या पाहुणीनं वाडगा संपवायचा असतो. काकूंनी डोळे मिटले आणि एरंडेल घ्यावं तसा तो संपवला.

ओकाडाबाई वाकल्या. आज किती सुरेख प्यायलात, म्हणाल्या. मागच्या वेळी वरून ओतताना तुमच्या पिवळ्या साडीवर सांडलं, मला फार वाईट वाटलं होतं, तो डाग गेला का? काकूंनी घरी सराव केलाय, कौतुक केलंत तर त्यांना बरं वाटेल, एवढंच मी ओकाडाबाईंना आधी सांगून ठेवलं होतं.

हातातली चकली खाली ठेवून मंडळातल्या रेखामावशींनी विचारलं, म्हणजे पद्मजा, ती तू होतीस? काकू काही बोलायच्या आत त्यांच्या नऊ वर्षांच्या दीपानं इंग्रजीत सांगून टाकलं, की साडी बेसमेंटमध्ये आहे, डाग अजून तस्साच आहे.

मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. रविवारी सकाळी मी फॉर्म आणि पेन काकांच्या बशीशेजारी ठेवलं. त्यांनी माझ्याकडे न बघता तो वाचला. मग सही केली. चहाही त्या दिवशी त्यांनीच केला, मलाही कप दिला.

बाबांना सांग, मशीनवर बसा. तुझ्या चिमट्याला उत्तर पोचलं असं समज.

तुझी,
प्रतिमा

ता. क. फॉर्म आज सकाळी पोस्टात टाकला आणि येताना जानेवारीचं तिकीट कॅन्सल करून आले.