कंपनीची बस नाक्यापर्यंत

धाकट्या गिरजाबाईस थोरलीचा जय भीम.

फोनवर तुला ऐकू येत न्हाई, म्हणून लिहिते. दिघीत नातीकडं, भाग्यश्रीकडं, मी बरी हाय. तुझा गुडघा कसा हाय? तेल लावतेस, का नुसती कण्हतेस?

भाग्यश्रीच्या चाकणच्या कंपनीची बस तिला लांब मोठ्या रस्त्यालाच सोडायची. दुसरी शिफ्ट सुटली की पोरगी अंधारात एकटी चालत यायची. मला झोप लागत नव्हती, ती वयामुळं.

बस घरापर्यंत आणा म्हणून ती मोठ्या साहेबांशी दोनदा भांडली. मी विचारलं, "साहेब काय म्हणाले?"

"नाहीच म्हणाले."

"का?"

"ते कुठं ऐकलं मी."

"मग आता तोंड मिटून ऐक. त्यांचं म्हणणं त्यांनाच परत सांग, बरोबर कळलं का विचार. मग तुझं बोल."

तसं केलं. साहेबांची अडचण एवढीच, की गल्लीत बस वळत न्हाई. हिनं विचारलं, "आमच्या नाक्यापर्यंत आली तर?" साहेब हो म्हणाले.

नाका गल्लीच्या तोंडाला, घरासमोरच हाय. आता दार वाजवून हात दुखतो, आजी उठत न्हाई, म्हणून पोरगी चिडते.

लेकरांना आशीर्वाद, तुला दटावणी.

तुझी अक्का