आंबलेलं ते आंबलेलंच

नाशिक
शुक्रवार, १३ मार्च २०२६
दुपारचे साडेतीन

चि. ज्योत्स्ना हिस,

तुला व साईला नानांचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक आहे. सवयीने तसं लिहिलं. तिकडे नामपूरला ऊन फार असेल. साईचं खोकल्याचं औषध इथेच राहिलं, ते पत्रासोबत पाठवतो. झोपताना एक चमचा, पण तुला माहीतच आहे.

माझी शाळा सातवीपर्यंत, त्यात उजव्या तळहाताला तीन टाके पडलेत. अक्षर लागलं नाही तर वडिलांकडून वाचून घे. टाक्यांची काळजी करू नको. फोन करता आला नाही. दीपकने माझ्या मोबाइलमधून तुझा नंबर काढला, आणि फोनवर मी पुन्हा गुळमुळीत बोललो असतो.

तू घरी आंबवलेल्या द्राक्षाच्या सोड्याच्या चौदा बाटल्या फ्रिजमध्ये ठेवून गेलीस. रविवारी तू साईला घेऊन गेलीस आणि तासाभरात दीपकने त्या बाहेर काढून मोरीत आणून ठेवल्या. म्हणाला, "नाना, ओतून द्या हे सगळं." मी ओतल्या नाहीत. पण झाकणंही उघडली नाहीत. वाटलं, घट्ट राहिलं तर टिकेल. मंगळवारी दुपारी एक फुटली आणि काच हातात शिरली.

तीस वर्षं पाण्याचे व्हॉल्व फिरवले मी. पाइपात हवा कोंडली की काय होतं ते मला कोणी सांगायला नको होतं. मग उरलेल्या तेरा ओल्या पोत्याखाली ठेवल्या. सकाळ-संध्याकाळ एकेक झाकण जरासं सैल करतो, फुस्स झालं की परत आवळतो. तोंड दुसरीकडे फिरवून. बरणीतल्या आल्याच्या विरजणालाही रोज चमचाभर साखर घालतो. त्याला बुडबुडे येतात. तुझं काही मरू दिलं नाही.

थांब, मोरीत आवाज झाला. बघून येतो.

काही नव्हतं. नळ ठिबकत होता. दीपक सहाला येतो. त्याच्या आत हे पत्र रविराजच्या हाती द्यायचंय. तो उद्या सकाळी टेम्पो घेऊन नामपूरला कांदा आणायला निघतो.

काल त्यातली एक बाटली मी एकट्याने संपवली, आता बारा आहेत. आंबवलं की थोडा दारूचा अंश उतरतो, हे तू पहिल्याच दिवशी सांगितलं होतंस, काही लपवलं नव्हतंस. म्हणून पिऊन झाल्यावर फरशीच्या रेघेवरून दारापासून देव्हाऱ्यापर्यंत चाललो. दोनदा. तोल गेला नाही. ढेकर मात्र एवढे आले की शेजारची सविता भिंतीपलीकडून ओरडली, "नाना, मांजर शिरलं का घरात?"

बाई, आता लिहितोच.

रविवारी दीपक फाटकात गाडीवरून पडला. अख्खी गल्ली जमली. सविता म्हणाली, "हा वास काय द्राक्षाचा नाय." तेव्हा तो तुझ्याकडे बोट करून ओरडला, "घरातलाच सोडा प्यालोय मी! बायको काय आंबवत बसते, तिला विचारा!" तू माझ्याकडे वळलीस. "नाना, तुम्ही तरी सांगा ना." आणि मी खाली बघून म्हणालो, "आंबलेलं ते आंबलेलंच."

मला खरं माहीत होतं. दिवाळीपासून माहीत होतं. गाडीच्या डिकीत दारूची बाटली असते, रिकामी झाली की माळ्यावर पत्र्याच्या पेटीमागे जाते. सकाळी मी फिरायला जातो ना, पिशवी घेऊन? त्या पिशवीत भाजी कधीच नव्हती. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून नाल्यापलीकडच्या कचऱ्यात टाकून येत होतो. एकदा तू म्हणालीस, "नाना, मेथी नाही मिळाली का?" मी म्हटलं, महाग होती.

कंपनीत कळलं तर त्याची ड्रायव्हरकी जाईल, ही एक भीती. दुसरी भीती त्याचीच. रात्री-बेरात्रीच नाही, भर दुपारीही मला माझ्या पोराची भीती वाटते. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

परवा तुमच्याकडे बैठक आहे. तो त्याच्या काकांना घेऊन येतोय. 'ज्या घरात बाई दारू गाळते तिथे पोरगी ठेवणार नाही' असं सांगून साईला घेऊन यायचं, असं दोघांचं ठरलंय. माझ्यासमोरच ठरलं. मला म्हणाला, "नाना, तुम्ही फक्त रविवारी बोललात तेवढंच तिथे बोला." मी मान हलवली. ती मान कशी हलली ते मलाच कळलं नाही.

मी त्यांच्या गाडीत बसणार नाही. एस.टी.ने येईन. पण मी घाबरट माणूस आहे, ज्योत्स्ना. सटाण्यापर्यंत येऊन माघारी फिरेन, किंवा पोचूनही तोंडातून शब्द निघणार नाही. म्हणून हे आधी पाठवतोय. मी आलो नाही तरी चौघांसमोर मोठ्याने वाच. आलो आणि गप्प बसलो, तरी वाच. माझ्या तोंडाकडे बघू नको.

दीपक म्हणेल हे अक्षर माझं नाही. त्याच्या प्रगतिपुस्तकावर दहा वर्षं मीच सही केलीय, तो ओळखेल.

साईला त्याच्या हाती देऊ नको. माझ्याही नको.

माफी मागत नाही. ती बैठकीत, सगळ्यांसमोर मागायची गोष्ट आहे.

वर लिहिलेलं सगळं खरं आहे, कोणी सांगून लिहवून घेतलेलं नाही.

सहादू धोंडीराम शेजवळ
वय ७१
दीपकचा बाप