इंग्रजांच्या त्रेचाळीस सुरुवाती

१ जून, रविवार. सकाळी ६.१०
आजपासून डायरी. आजपासून पहाटे पाचला उठणे. (आज सहा झाले. अलार्मचा मोबाईल जुना आहे.) आजपासून क्लास.

थोरले बंधू विरूपाक्षअण्णा यांच्या कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर अकरा वर्षं बसलो. काल उठलो. अण्णा म्हणाले, पेरणी तोंडावर आली आन तू खुर्ची सोडून राहिलास. मी स्पष्ट सांगितलं, बियाणं कुणीही विकेल, अहमदपूरला इंग्रजी कोण बोलायला लावणार? बरीच वादावादी झाली. शेवटी ठरलं ते असं: दुकानामागची खोली महिनाभर माझी. तीस जूनपर्यंत दहा ॲडमिशन झाल्या तर खोली कायमची माझी. नाही झाल्या तर खोलीत युरियाची पोती आणि काउंटरवर पुन्हा मी.

दहा म्हणजे काय. दहा तर पहिल्या आठवड्यातच होतील.

२ जून, सोमवार
मोबाईलवर शोधता शोधता मोठी गोष्ट हाती लागली. आपण काम सुरू करताना म्हणतो, चला, करू सुरू. विषय संपला. इंग्रज माणूस असं करत नाही. फ्रॉम द वर्ड गो, गेट द बॉल रोलिंग, किक ऑफ, ॲट द आउटसेट, टू बिगिन विथ, फ्रॉम स्क्रॅच, हिट द ग्राउंड रनिंग. दुपारपर्यंत त्रेचाळीस मोजले. सगळे लाल पेनने रजिस्टरात उतरवले. ज्या लोकांनी नुसत्या सुरुवातीवर एवढी मेहनत घेतली, त्यांनी अर्ध्या जगावर राज्य केलं यात नवल नाही.

माझी पद्धत ठरली. सुरुवात पक्की करायची, पुढचं इंग्रजी आपोआप येतं.

बायकोने (राजकन्या) विचारलं, आन पुढचं तुम्हाला येतं का? तिला पद्धत कळलेली नाही. माझं बी.ए. इंग्रजी विषय घेऊन झालेलं आहे, तेही तीन प्रयत्नांत. म्हणजे सुरुवातीचा अनुभव इतरांपेक्षा तिप्पट.

४ जून, बुधवार
इकडे रिवाज असा की फीस भरायच्या आधी डेमो पाहिजे. लातूरला मोठमोठे क्लासवालेसुद्धा डेमो देतात. आज माझा पहिला डेमो. सत्तावीस माणसं. खुर्च्या कमी पडल्या, खताच्या पोत्यांवर बसवली.

ब्रेक द आईस शिकवलं. बर्फ फोडणे, म्हणजे अनोळखी माणसाशी बोलणं सुरू करणे. मोबाईल रिपेअरिंगवाला बबलू उभा राहिला. म्हणे, सर, स्टँडवरचा रसवंतीवाला दिवसभर बर्फच फोडून राहिला, पण तो तर कुणाशी धड बोलत न्हाई. सगळे हसले. मी हसलो नाही. शिक्षकाने हसू नये.

जाताना सगळ्यांनी विचारलं, उद्याबी डेमो हाय का? मी म्हणालो, हाव.

एक ॲडमिशन पक्की. सटवाजी, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. त्यांची नात अक्षरा बेंगळुरूला असते, वय आठ. मुलगा सांगतो, तिचं सगळं इंग्लिशमधी असतंय. दर रविवारी फोन येतो. म्हणे, ती हॅलो आबा म्हणती, मंग मला काय बोलावं सुचत न्हाई. फोन तिच्या आजीकडं देतो आन लाज वाटती म्हणून भायेर जाऊन बसतो. मला फकस्त पाच मिन्टं तिच्याशी बोलायचंय, सर.

आजीला इंग्रजी येत नाही, तरी ती अर्धा तास बोलते म्हणे. नुसती हसत असावी, असा माझा तर्क.

मी सटवाजींना शब्द दिला. पाच कशाला, महिनाभरात पंधरा मिनिटं बोलाल.

९ जून, सोमवार
चौथा डेमो. बावीस माणसं, त्यातली एकोणीस नवी. जुनी गेली कुठे? बबलू म्हणतो, दुसरीकडं डेमो चालू झालाय, तिथं च्या पण देऊन राहिलेत. जाऊ देत. चहासाठी इंग्रजी शिकणारे मला नकोतच.

नव्या माणसांना मधूनच कसं शिकवणार? म्हणून पुन्हा धडा पहिला.

लुंबिनी नावाची मुलगी आहे, नर्सिंग झालेली, नांदेडला मोठ्या दवाखान्यात मुलाखत आहे तिची. चारही दिवस आली होती. आज विचारलं, सर, दुसरा धडा कधी? मी समजावलं, बेस पक्का झाला की. ती म्हणाली, मुलाखत वीस तारखेला हाय, सर. वही उचलून गेली. बेस कच्चा ठेवून गेली बिचारी.

१३ जून, शुक्रवार
ॲडमिशन: एक. खचलो नाही. खोट माझ्यात नाही, उद्घाटनात होती. पहिल्या वेळी फीत कापलीच नव्हती. आज सगळं फ्रॉम स्क्रॅच. बोर्ड नवा. फीत नवी. पाहुणे म्हणून ज्यांना बोलावलं ते तेराव्याला गेले, म्हणून अण्णांनाच कापायला लावली. अण्णा गिऱ्हाईक सोडून आले, फीत कापली, म्हणाले, सतरा दिवस राहिले, आणि परत गेले. शुभेच्छा देण्याची त्यांची तीच पद्धत आहे.

सटवाजींनी टाळ्या वाजवल्या. एकटेच होते, पण जोरात वाजवल्या.

१८ जून, बुधवार
उद्यापासून धडा दुसरा. पक्कं. कुणी काही म्हणो.

दुपारी ग्रामरचं पुस्तक उघडलं. ते मधूनच सुरू झाल्यासारखं वाटलं. दुसऱ्या धड्याची सुरुवात नेमकी कशी करावी यावर चार वाजेपर्यंत विचार केला. घाई बरी नाही.

१९ जून, गुरुवार
तीन नवी पोरं आली. धडा पहिला.

२२ जून, रविवार
लुंबिनीला नोकरी लागली, ही बातमी राजकन्येने दिली. माझे चार डेमो कामी आले. तिने सांगितलं नाही, पण मला कळतं.

सायंकाळी सटवाजी आले. अक्षराचा फोन आला होता. त्यांनी टू बिगिन विथ म्हटलं. उच्चार एकदम बरोबर आला म्हणे. ती म्हणाली, येस आबा. मग त्यांनी ॲट द आउटसेट म्हटलं. ती पुन्हा म्हणाली, येस आबा. पुढे काही नाही. सटवाजी म्हणाले, ती वाट पाहून राहिली होती, सर. फोनमधी तिचा श्वास आयकू येत होता. मंग दिला आजीकडं.

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. मी म्हणालो, पुढच्या रविवारी फोन क्लासमध्ये घ्या, मी शेजारी बसतो. राजकन्या ऐकत होती. म्हणाली, त्या म्हाताऱ्याचा तरी खेळ करू नका. मी तिच्याशी दोन तास बोललो नाही. एक फोन नीट झाला की गावभर होईल, नऊ ॲडमिशन एका दिवसात. अण्णांनी पोती खुशाल मागवावीत, परत पाठवायची तयारी ठेवावी.

२९ जून, रविवार
सगळं लिहून ठेवतो.

सकाळी अकराला फोन आला. स्पीकरवर टाकला. खोलीत सटवाजी, मी, आणि दारात राजकन्या. अण्णाही मागे येऊन उभे होते, कशाला ते विचारलं नाही. सटवाजींनी इस्त्रीचा सदरा घातला होता. त्यांनी सुरुवात केली ती मला अभिमान वाटावा अशी. हॅलो अक्षरा. ॲट द आउटसेट. लेट अस गेट द बॉल रोलिंग. पोरगी खूश झाली. ओके आबा म्हणाली आणि मग भराभर काहीतरी लांबलचक विचारलं. शेवटी प्रश्नचिन्ह होतं एवढं मला नक्की कळलं.

सटवाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी रजिस्टरात पाहिलं. त्रेचाळीस सुरुवाती होत्या, उत्तर एकही नव्हतं. मी हळूच म्हणालो, टू स्टार्ट विथ. सटवाजींनी ते मोठ्याने म्हटलं. पलीकडून आवाज आला, आबा? मला खोलीतून निघून जावंसं वाटलं.

राजकन्या पुढे आली. फोनजवळ वाकून म्हणाली, बाळा, तुला मराठी येती का गं?

अक्षरा म्हणाली, येती की. आजीशी मी मराठीच बोलते. आबांना इंग्लिश आवडतं ना, म्हणून त्यांच्याशी इंग्लिश. मग म्हणाली, आबा, तुम्ही जेवलात का?

सटवाजींनी फोन दोन्ही हातांनी जवळ ओढला. मग म्हणाले, न्हाई अजून, तू? आणि सुटले ते सुटलेच. अहमदपूर-नांदेड गाडीचे सगळे थांबे तिला सांगितले. माळाकोळी, लोहा, सोनखेड. ती एकेक म्हणून दाखवत होती, चुकली की दोघं हसत होते. एक्केचाळीस मिनिटं. मी घड्याळ लावलं होतं.

हे माझ्याच क्लासमध्ये झालं, याची नोंद असावी. अण्णा दुकानात गेले. ॲडमिशन: एक.

३० जून, सोमवार
पोती आली. एकशे वीस. बोर्ड मी स्वतः उतरवला, कुणाला हात लावू दिला नाही. ही माघार नाही. पुढच्या जूनमध्ये पुन्हा उघडणार. अण्णांनी काउंटरची खुर्ची पुसून ठेवली होती. त्याचा राग आला, आणि बसलो.

१० जुलै, गुरुवार
दुकानात गर्दी. दुपारी सटवाजी येऊन गेले. काही घ्यायचं नव्हतं. अजून मला सर म्हणतात, गिऱ्हाइकांसमोर म्हणतात, मी अडवत नाही. रोज सायंकाळी अक्षराला फोनवर मराठी वाचायला शिकवतात म्हणे. तिनेच मागे लागून चालू करायला लावलं. कशी सुरुवात केली, असं मी विचारलं. म्हणाले, सुरुवात कसली सर, ती म्हणाली शिकवा, मी शिकवलं. काल अकरावा धडा झाला.

ते गेल्यावर मी रजिस्टर काढून मोजलं. जूनमध्ये मीही अकरा धडे घेतले होते. अकराही वेळा पहिलाच.