पान सत्तेचाळीसचे उत्तर

मी, खाली सही करणारी, वय एकोणतीस, व्यवसाय सैद्धांतिक संशोधन, उद्या सकाळी हृदयाची झडप बदलायची असल्याने आज पूर्ण शुद्धीत व स्वखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. शंभरातले सत्त्याण्णव वाचतात, असे डॉक्टर म्हणाले. मला उरलेले तिघेच दिसतात.

१. बँकेत आहे ते व घरातले सामान आत्याचे. शाळेच्या आधी तिनेच मला स्वयंपाकघराच्या फरशीवर खडूने गणित शिकवले. "उत्तर बघून केलेलं गणित उष्टं," असे ती म्हणे.

२. माझ्या संशोधनाचे मार्गदर्शक असलेल्या सरांनी दिलेले पेन त्यांना परत करावे. कारण पुढे आहे.

३. प्रकाश प्रोटॉनवर आदळून विखुरतो, तेव्हा प्रोटॉन किंचित ताणला जातो. किती, ते सरांनी व मी कागदावर काढले. आमची रीत अशी की दोघांनी वेगळ्या खोल्यांत गणित करायचे आणि वह्या शेवटीच उघडायच्या. मी सरांच्या टेबलावर त्यांचे उत्तर आधीच पाहिले. माझे वेगळे होते. माझ्या वहीच्या सत्तेचाळिसाव्या पानावर मी एका अधिकचे उणे केले आणि जुळले. आमच्या शोधनिबंधात छापले आहे, 'दोन्ही उत्तरे स्वतंत्रपणे काढली.' आता एक प्रयोगशाळा त्यावर चार वर्षांचे मोजमाप बेतते आहे.

सरांना सांगितले. "जुळलं ना? मग उगाच खाजवून खरूज कशाला काढतेस?" त्यानंतर मी सहा वेळा नव्याने केले. सहाही वेळा त्यांचेच आले. चूक कोणाची, हे मला आता कधीच कळणार नाही. डोळ्यांनी एकदा पाहिलेले उत्तर हात विसरत नाही.

४. म्हणून टेबल, पुस्तके व कोऱ्या वह्या धाकट्या बहिणीला. ती हेच शिकते आहे, आणि माझा निबंध तिने उघडलेलाही नाही. ("ताई, तुझा प्रोटॉन तुलाच लखलाभ.") बाई गं, तो आळस आता कामी येऊ दे. निबंध वाचू नकोस, गणित पहिल्यापासून कर. माझे पहिले उत्तर बंद पाकिटात आत्याकडे आहे. तुझे हातात पडेपर्यंत ती ते देणार नाही, रडलीस तरी.

५. उत्तर कोणाचेही येवो, ते छापलेले वाक्य मागे घ्यावे. संपादकांना लिहिलेले पत्र त्याच पाकिटात आहे. तीनदा लिहिले, एकदाही टाकले नाही.

६. मी वाचले तर माझा धीर पुन्हा गळेल. म्हणून मी जिवंत असले तरी कलम चार व पाच आत्याने अमलात आणावे. मी नको म्हटले तर ऐकू नये.

साक्षीदार: शेजारच्या खाटेवरच्या शिंपीणबाई, मजल्यावरील परिचारिका. "वाचायचं नाही का?" असे बाईंनी विचारले. मी म्हटले, "नको. मी सही करताना फक्त बघा." दोघींनी पाहिले.

रुग्णालय, तिसरा मजला, खाट अकरा. शस्त्रक्रियेचा आदला दिवस, दुपारी चार.

(सही)